ग्रीवेची चिठ्ठी

कबुतराच्या तक्त्याला वाळवी लागली होती. चोचीपासून पोटापर्यंतचं सगळं कबुतर तिने फस्त केलं होतं. उरले होते फक्त पाय. रोहिणखेडच्या नव्या शाळेत विज्ञान शिकवणारे उत्तमराव त्या पायांकडे पाहून संतापाने थरथरत होते. त्याच दुपारी बुलढाण्याहून तपासणीस साहेब यायचे होते आणि त्यांच्यापुढे 'प्राण्यांची बाह्यरचना' हा पाठ घ्यायचा होता. साहेबांचं मत वाईट पडलं, तर विज्ञानाचा वर्गच बंद होणार होता.

"आता जिवंत पक्षीच दाखवतो त्यांना!" असं गरजत ते घरी आले आणि शेजारच्या सोजराबाईंचा काळा कोंबडा मागून आणला.

"मास्तर, त्याच्या एका पराले जरी धक्का लागला, तर मी तुमची शाळा डोक्यावर घेईन," सोजराबाईंनी बजावलं.

राज्य नवं होतं, पुस्तकं नवी होती आणि पुस्तकातले शब्दही नवे होते. उत्तमरावांनी ते चिठ्ठ्यांवर लिहिले आणि चिठ्ठ्या ज्या त्या अवयवाला काळ्या दोऱ्याने बांधल्या. डोक्याला 'शीर्ष', मानेला 'ग्रीवा', पंखाला 'अग्रपाद', पायाला 'पश्चपाद'. 'पुच्छ' बांधताना कोंबड्याने त्यांच्या अंगठ्यातून रक्त काढलं. त्याला दोन शिव्या हासडून, टोपल्याखाली झाकून ते सदरा बदलायला आत गेले.

ते टोपलं भाकरीचं होतं. भाकरी ठेवायला म्हणून त्यांच्या बायकोने, कोकिळाबाईंनी, ते उचललं.

"अवं माय! भाकरीच्या टोपल्यात कोंबडा? लाज वाटत नाही काय तुम्हाले?" त्या आत पाहून ओरडल्या, आणि तेवढ्यात कोंबडा त्यांच्या खांद्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून गल्लीत गेला.

गल्लीच्या टोकाला शाळा समितीचे अध्यक्ष हिंमतराव अंगणात बाजेवर बसले होते. आठवडाभर त्यांची मान आखडली होती. कुणी हाक मारली की सबंध अंग फिरवावं लागे, म्हणून ते हाक मारणाऱ्या प्रत्येकावर डाफरत होते. कोंबडा बाजेवर चढला, त्याने जोरात अंग झाडलं आणि दोऱ्यासकट एक चिठ्ठी हिंमतरावांच्या मांडीवर टाकून तो उडाला. हिंमतराव रोज पोथी वाचत. 'ग्रीवा' म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"काया कोंबडा, काया दोरा अन् माह्या मानेचं नाव!" ते कडाडले. "करणी हाये ही! अन् कोंबडा सोजरीचा!"

सोजराबाईंशी त्यांचं शेताच्या बांधावरून जुनं वैर होतं. काठी उचलून ते थेट त्यांच्या दारात गेले. सोजराबाई कोंबडा काखेत घेऊन, त्याच्यावरच्या चिठ्ठ्या पाहत, आधीच पेटलेल्या होत्या.

"आले काय? बांध कोरला, आता मुक्या जीवावर उठले! मास्तरले देल्लेला माह्या कोंबडा गल्लीत धरून त्याले हे कागद काऊन बांधले?"

"मी? तू माह्या मानेवर करणी करतं अन् मलेच इचारतं?"

"तुमच्या मानेले काय धाड भरली? माह्या हातात असतं, तर मी जिभेवर केली असती!"

गल्ली गोळा झाली. कुणी हिंमतरावांची काठी धरली, कुणी सोजराबाईंना आवरलं. एक बाही घातलेला सदरा सावरत उत्तमराव धावत आले आणि हिंमतरावांच्या पाठीमागून ओरडले. रागात त्यांची पुस्तकी भाषा पार सुटली.

"चूप बसा दोघंबी! त्या चिठ्ठ्या माह्या हायेत!"

हिंमतराव गर्रकन वळले. सबंध अंग नव्हे, एकटी मान वळली. 'कट्' असा आवाज झाला.

हिंमतरावांनी मान डावीकडे नेली. मग उजवीकडे. मग आभाळाकडे.

"मोकयी झाली बे," ते हळूच म्हणाले.

"हे विज्ञान आहे!" उत्तमराव ओरडत होते. "ग्रीवा म्हणजे कोंबड्याची मान! करणी नाही, काही नाही! द्या ती चिठ्ठी, मला वर्गात लागते!"

"आता ते भेटत नाही, मास्तर." हिंमतरावांनी चिठ्ठी घडी करून पागोट्यात खोचली. "लई जालीम हाये तुमचं."

सोजराबाईंचाही आवाज उतरला. "मास्तर, पश्चपाद म्हंजे पाय नं? गुडघे येतात काय त्यात?" उत्तर यायच्या आत त्यांनी ती चिठ्ठी तोडून कनवटीला लावली. मग 'शीर्ष' कुणीतरी डोकेदुखीसाठी नेलं, 'अग्रपाद' खांद्यासाठी. 'पुच्छा'चा उपयोग कुणालाच सुचला नाही, तरी तेही गेलं.

दुपारी कोंबडा वर्गात आला तो उघडाबोडकाच. उत्तमरावांनी त्याला काखेत दाबलं आणि दात-ओठ खात पट्टीने एकेक अवयव दाखवला. पण त्यांनी विचारायच्या आधीच पोरं उत्तरं देत होती. सकाळपासून गावात दुसरे शब्दच कुणाच्या तोंडी नव्हते. तपासणीस साहेब कडक चेहऱ्याने ऐकत राहिले. पाठ संपल्यावर हिंमतरावांनी त्यांना बाजूला नेऊन, मान चारही दिशांना फिरवून दाखवत, झालेली हकिकत तिखटमीठ लावून सांगितली.

साहेबांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि उत्तमरावांना थांबवून दार स्वतः लावून घेतलं. आता हा माणूस अंधश्रद्धेवरून आपल्याला झाडणार, हे उत्तमरावांनी ओळखलं. तेही सुनवायच्या तयारीत, मुठी आवळून उभे राहिले.

"पाठ चांगला झाला," साहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले. त्यांचा एक हात पाठीमागे गेला होता. "फक्त एक शंका आहे. या नोकरीत एसटीचे धक्के फार बसतात हो. कंबरेला पुस्तकात काय म्हणतात?"

उत्तमरावांचे कान तापले. जिभेवर आलेलं सगळं त्यांनी गिळलं. साहेबांचा शेरा अजून लिहायचा होता. त्यांनी टाक दौतीत बुचकळला आणि कागद फाटेल इतका दाबून लिहिलं, 'कटी'.

साहेबांनी शाई वाळेपर्यंत चिठ्ठीवर फुंकर घातली.

"आणि मास्तर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "काळा दोराही असेल ना?"