गणपतीची बैठक

प्रज्वलने आईला, इंदुताईंना, गाडी घेऊन दिली ती स्वतःला येणं जमत नाही म्हणून. त्याच्या मारुंजीहून आईची चिखली तशी लांब नाही, पण आयटीतल्या मुलांना लांब पडते. "आई, तू चालवायला शिकलीस ना, मग तूच येत जा. आणि कशाला हात लावू नकोस, सगळं ऑटोमॅटिक आहे." इंदुताई तिकडे गेल्या की तो मीटिंगमध्ये असायचा. नवरा गेल्यापासून घरात बोलायला माणूस नव्हतं. टीव्ही होता, पण तो नुसता आपलंच सांगायचा.

नव्या गाडीत देव हवाच. पुढच्या काचेपाशी, डॅशबोर्डवर मधोमध एक काळा, गुळगुळीत, गोल उंचवटा होता. "कंपनीवाले शाणे हायेत, देवाला बैठक करून दिलीय," म्हणत इंदुताईंनी पितळेचा गणपती त्यावर चिकटवला. मूर्ती खालून पोकळ होती, टोपीसारखी चपखल बसली.

दुसऱ्या दिवशी चाकणच्या रस्त्याला एक मोटारसायकलवाला हाताची बोटं उघडमीट करत गेला. मग टेम्पोवाला. मग चक्क कंपनीची बस. इतक्या लोकांनी आपल्याला हात करावा? इंदुताईंनीही सगळ्यांना हात केला.

त्यात एसी काही गार होईना. त्यांनी काचा खाली घेतल्या, तेव्हा सिग्नलला शेजारचा रिक्षावाला ओरडला, "मावशी, भर उन्हात लाईट चालू हाय!"

"आपोआप लागतीय बाबा. पोरानं सांगितलंय, हात लावायचा न्हाई."

"कुठं असतं पोरगं?"

सिग्नल सुटला तरी बोलणं संपलं नाही, मागचे हॉर्न वाजवून दमले. पुढे एका हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली, लाईटवरून सुरुवात केली आणि स्वतःच्या आईच्या गुडघेदुखीवर संपवली. त्या आठवड्यात इंदुताई काम नसताना रोज बाहेर पडल्या.

मग त्यांनी प्रज्वलला बिघाड कळवला आणि काय आश्चर्य, रविवारी तो हजर! त्याने फ्यूज पाहिले, बॅटरी पाहिली, मेकॅनिकला फोन लावला, मध्ये दोन भाकऱ्या खाल्ल्या. शेवटी त्याची नजर गणपतीवर गेली.

"आई, हा इथे कुणी बसवला?"

"मीच की."

"अगं, हा उन्हाचा सेन्सर आहे! यावरून गाडीला ऊन कळतं. तो कापडाने पुसायचा, झाकायचा नाही. तू झाकलास, तिला वाटलं रात्र झाली. म्हणून लाईट लागते, एसीही जोर धरत नाही."

"म्हंजी इतके दिवस बिचारी अंधारातच व्हती," इंदुताई म्हणाल्या.

प्रज्वलने गणपती काढून डावीकडे बसवला. लाईट विझली, एसी गारेगार झाला. "चला, आता मला यायला नको," असं खुशीत म्हणून तो डबा घेऊन गेला.

सोमवारी इंदुताई चाकणला जाऊन आल्या. कोणी हात केला नाही. ओळखीचा रिक्षावाला शेजारी उभा राहिला, पण काचा बंद होत्या, त्याचं लक्षच गेलं नाही. त्या गार गाडीत त्यांना एकदम रडू आलं.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. "प्रज्वल, लाईट परत लागली रे."

"असं कसं? सेन्सर पुसलास?"

"चांगला पुसला."

"गणपती कुठे आहे?"

"हाय की. त्याच्या बैठकीवर."

मग प्रज्वल हळूच म्हणाला, "रविवारी येतो. तोपर्यंत त्याला हलवू नकोस."