मडक्यातल्या मजुरांचं जेवण

"सोमवारी या घड्याळातला सेल काढून फेका. काटा माझ्या मडक्यांवर फिरेल," असं अमरदीप मास्तरांनी नार्नूरच्या शाळेत चहा पिता पिता जाहीर केलं. त्यांच्या घरी शेणचिखलाची तीन मडकी तारांनी जोडलेली होती. चिखलातून वीज देणाऱ्या या जोडणीला इंधनघट म्हणतात.

मुख्याध्यापक सुधाकररावांनी कप खाली ठेवला. "फिरला तर पोरांच्या जेवणाच्या तांदळाची खोली तुमची प्रयोगशाळा. नाही फिरला, तर पोती जागची हलणार नाहीत."

नोकरीला लागल्यापासून मास्तर त्या खोलीच्या मागे होते. पैज लागली.

आता हे घरी आईला, चंद्रभागाबाईंना, समजावणं आलं.

"माय, या चिखलात डोळ्याले न दिसणारे जीव हायेत. लाखोंनी. त्याह्यच्या अंगातली प्रथिनं हमालावानी वीज वाहून तारेपर्यंत नेतात."

"रातंदिस?"

"रातंदिस."

"अन् जेवण?"

"चिखलात भेटन ते खातेत."

चंद्रभागाबाईंची अर्धी हयात लोकांच्या वावरात कापूस वेचण्यात गेलेली. त्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या म्हणजे ठराव मंजूर, हे मास्तरांनी ओळखायला हवं होतं.

रविवारी मास्तर तार आणायला उटनूरला गेले. सोमवारी सकाळी पाहतात, तर मडक्यांना जोडलेल्या मीटरचा काटा मेलेला. त्यांनी मडक्याला नाक लावलं. लसूण!

"माय, यात काय टाकलं?"

"वरण. लसूण-मिरचीची फोडणी देऊन. काऊन?"

"कढत?"

"मग? मजुराले थंडं वाढू काय?"

"मेले ना सारे!"

"आमी बी कढतच खात होतो बापा. आमी नाही मेलो."

शाळेत सुधाकरराव बंद घड्याळाकडे पाहून असे हसले, जणू पोती निवडून आली. मास्तर तडक तांदळाच्या खोलीत गेले आणि सगळ्यात वरच्या पोत्यावर मांडी घालून बसले. "आठ दिवस द्या. तोवर उठत नाही." पोरांच्या दुपारच्या भाताला तेच पोतं उघडायचं होतं, म्हणून मुदत मिळाली.

नवा चिखल आला. मायला शपथ घातली: फक्त थंड पेज, तीही चमचाभर. पुढच्या सोमवारी मडकी शाळेत नेऊन जोडली आणि घड्याळाचा काटा टिकटिकला. सुधाकररावांनी तोंड वाकडं करत का होईना, किल्ली दिली.

मास्तरांनी मोठ्या अभिमानानं मायला शाळेत आणलं. तिनं काट्याकडे निरखून पाहिलं.

"लाखोंनी हायेत म्हणत होता ना तू?"

"हो माय."

"अन् सारे मिळून हा एवढासा काटा ढकलून राह्यले? आमच्या मुकडदमानं दुपारच्या आत हाकललं असतं त्याह्यले."

सुधाकररावांनी मान डोलावली. मास्तरांनी किल्ली पटकन आतल्या खिशात घातली.