रिकामा खोका आणि भाचीचं लग्न

वजन कसं उचलावं हे महादेवकडून शिकावं, असं गोदामात एका माणसाचं ठाम मत होतं आणि तो माणूस म्हणजे स्वतः महादेव. गव्हाणजवळच्या त्या गोदामात तो सुपरवायझर. सुरक्षा सप्ताहात त्याने हमालांना ओळीत उभं केलं आणि समोर एक खोका ठेवला.

"पाठ सरळ, गुडघे वाकवा. रविवारी भाचीला असंच उचलून मांडवात नेणार हाय मी. बघा."

खोका उचलला, आणि कंबरेत अशी उसण भरली की तो खुर्चीशिवाय बसल्यासारखा तसाच राहिला. हमालांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही धड्याचाच भाग असेल.

खोका रिकामा होता. हे त्याच्याशिवाय फक्त फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या ताहेरला ठाऊक होतं.

बायको शोभा त्याला नवीन पनवेलच्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"काय उचललंत?"

खरं सांगायला महादेवची जीभ रेटेना. "पाण्याची मोटर," तो म्हणाला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कंबरेला पट्टा दिला आणि वजन उचलायला बंदी केली.

"गोळ्या खाऊन मणका हलतो का, महादेवभाय?" ताहेर म्हणाला आणि शोभाला न सांगता त्याला खारघरच्या कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्याकडे, घेऊन गेला. तिथे मोटरचा जनरेटर झाला. कायरोप्रॅक्टरने त्याला पालथा घातला, कुशीवर वळवला, कंबरेतून कट् असा आवाज काढला आणि वजन उचलायला बंदी केली.

मग महादेवने दोन्ही चालू ठेवलं. दुखणं कमी झालं. "गोळ्या लागू पडल्या," डॉक्टर म्हणाले. "हात लागू पडला," कायरोप्रॅक्टर म्हणाला. महादेवने दोघांपुढेही मान डोलावली.

पण भाचीला उचलायची परवानगी कोणी देईना. अंकिताला वडील नव्हते. ती लहानपणी गावभर फिरली ती याच मामाच्या खांद्यावर. महादेवला रडू यायचं बाकी होतं. शेवटी शनिवारी, वजन हलकं होतं म्हटल्यावर तरी परवानगी मिळेल या आशेने, त्याने लाज गिळली.

"डॉक्टर, मोटर नव्हती. खोका होता. रिकामा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रिकाम्या खोक्याने ही अवस्था? मग तर भाचीला हातसुद्धा लावू नका."

संध्याकाळी कायरोप्रॅक्टरही हेच म्हणाला. त्या दोघांचं इतकं एकमत आधी कधी झालं नव्हतं.

रविवारी अंकिता मामाच्या बाजूने चालत निघाली. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने विचारलंच, "मामा उचलत नाय का पोरीला?"

"कसं उचलतील?" ताहेर मोठ्याने म्हणाला. "आख्खा जनरेटर एकट्याने उचललान त्यांनी गोदामात!"

वऱ्हाड आदराने बाजूला सरलं. महादेवची छाती फुगली, आणि सदऱ्याखालचा पट्टा भर वऱ्हाडात चर्रकन सुटला.

"मामा, भार टाका माझ्यावर," अंकिता हळूच म्हणाली. "मला माहीत हाय खोक्याचं. ताहेरभायनी कवाच सांगितलंय." महादेवने तिच्या खांद्यावर भार टाकला.

मामाने भाचीला मांडवात आणलं, असं गव्हाणमध्ये सगळे सांगतात. फोटो मात्र कोणी बघायला मागितले की महादेव विषय बदलतो.