चष्म्याला दोरी

"व्याह्यांना कसं खिशात घालायचं, ते आज बघच तू!" चष्म्याच्या दुकानाचे मालक लेकीला म्हणाले.

तिचं आणि तिच्या मित्राचं जमलं होतं. मुलाचे वडील, एक कडक मुख्याध्यापक, तेवढे अजून हो म्हणाले नव्हते. म्हणून जंगलातल्या साहसी खेळांच्या रिसॉर्टवर दोन्ही घरांनी शनिवार-रविवार एकत्र दोरांवर लटकायचं आणि ओळख वाढवायची, असं ठरलं.

"बाबा, चष्म्याला दोरी बांधा."

"तीस वर्षं लोकांना चष्मे लावतोय मी! माझ्या नाकावरून घसरेल?"

झुलत्या पुलाच्या चौथ्या फळीवर तो घसरला. खाली ओढा. गेला!

आता चष्मेवाल्यांपुढे नुसती हिरवी गिचमीड उरली आणि तिच्यात हलणारी पिवळी हेल्मेटं. सगळ्यांच्या डोक्यावर तेच हेल्मेट, अंगावर तेच पट्टे. व्याही कुठले आणि झाड कुठलं! पण हे सांगायचं कसं? चष्मे विकणाऱ्यालाच दिसत नाही म्हटल्यावर अब्रूचं खोबरं! ते छाती पुढे काढून चाचपडत पूल ओलांडून गेले.

पलीकडे त्यांनी एका गुबगुबीत हेल्मेटाचा हात धरला. "तुमचा मुलगा म्हणजे हिरा आहे हो, हिरा!"

"मला दोन मुलीच आहेत," हेल्मेट म्हणालं. "आणि हात सोडा, मला दोर बांधायचाय."

म्हणजे हा इथला कामाचा माणूस! मग व्याही कुठं गेले? शेजारी एक उंच आकृती हात मागे बांधून गप्प उभी होती. हाही इथलाच, आणि वर कामचुकार!

"अहो, नुसते उभे काय? माझा पट्टा आवळा!"

आकृतीनं आवळला.

"आता बुटाची नाडी."

आकृती जरा थांबली, मग वाकली. चष्मेवाल्यांना तिची माया वाटली. ते कुजबुजले, "ते मुख्याध्यापक कुठं दिसले का हो? फार खडूस माणूस! आयुष्यात एकदाच हसले म्हणे, तेही चुकून! पण लेकीसाठी सहन करायचं झालं."

"मीच तो," खालून आवाज आला. नाडीची गाठ अजून अर्धीच झाली होती.

 चष्मेवाल्यांनी घाईघाईनं हात जोडून माफी मागितली, तीही एका खोडाची! तेवढ्यात लेक धावत आली. तिनं बापाला खोडापुढून वळवून व्याह्यांसमोर उभं केलं, तोंड पुसलं, उलटं हेल्मेट सरळ केलं, पाणी पाजलं आणि पाठपिशवीतून जादाचा चष्मा काढून नाकावर चढवला. सगळं अर्ध्या मिनिटात, सवयीच्या हातानं.

आता व्याही स्पष्ट दिसले. खरंच कडक होते.  पोरीचं जमलेलं लग्न बापानंच मोडलं!

"मुलगी आम्हाला पसंत आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"खरंच? माझं एवढं सगळं ऐकूनही?"

"ऐकलं म्हणूनच! जिनं इतकी वर्षं तुम्हाला सांभाळलं, तिला आमचं घर म्हणजे सुट्टीच वाटेल."