मुख्य चालक नोरीन

फिन्टन ड्रिस्कॉलला गाडीचा विमा देण्याची आशा असलेली शेवटची कंपनी फोनवर इतक्या गोड आवाजात नाही म्हणाली, की क्षणभर त्याला ती हो म्हणाल्यासारखंच वाटलं. मग तो स्वयंपाकघरात येऊन टोस्टसमोर नुसताच बसून राहिला.

कंपन्यांचं तरी काय चुकलं म्हणा. गेल्या दोन वर्षांत या गड्याने सहकारी डेअरीचं फाटक पाडलं होतं, गुरांच्या डॉक्टरची उभी जीप ठोकली होती आणि वळणावरच्या मेरीमातेच्या देवळीचा कठडा आडवा केला होता. मातेला खरचटलंही नाही, पण गावाने ते फार मनाला लावून घेतलं. वेगाबद्दलचा दंड तर पोस्टमन हसत हसतच आणून द्यायचा. पण चीजच्या कारखान्यातली नोकरी डोंगरापलीकडे, तिकडे बस जात नाही, आणि विम्याशिवाय सापडलं तर गार्ड, म्हणजे इथले पोलीस, गाडी जागच्या जागी उचलून नेतात. जुना विमा रविवारी संपत होता. नोकरी गेली तर चाळिशी गाठलेल्या माणसाला आयर्लंडच्या या टोकाला दुसरी कोण देणार, या विचाराने फिन्टनने टोस्ट तसाच बाजूला सारला.

तोडगा पबमध्ये निघाला. आमच्याकडे सगळे तोडगे तिथेच निघतात, आणि बरेचसे तिथेच सोडून यावेत असे असतात. शेजारचा डोनल म्हणाला, गाडी आईच्या नावावर कर, विम्यात आई मुख्य चालक आणि तू आपला खाली जादा चालक. आई गाडी चालवत नाही, असं फिन्टन म्हणाला, तर डोनलने परवाना आहे का एवढंच विचारलं.

परवाना होता. एकोणऐंशी साली परीक्षेच्या रांगा इतक्या लांबल्या की सरकारने कंटाळून ताटकळलेल्यांना परीक्षेशिवायच परवाने वाटून टाकले. त्या वाटपात त्याच्या आईला, नुकतीच गाडी शिकलेल्या तरुण नोरीनलाही एक मिळाला. पुढे नवरा जाईपर्यंत ती त्याच्या शेजारच्या सीटवरच बसली. परवाना मात्र न चुकता नवा करून घ्यायची, पोस्टात ओळख पटवायला बरा पडतो म्हणून. इतक्या वर्षांत एक दंड नाही, एक अपघात नाही. कागदोपत्री तिच्याइतकं निर्दोष माणूस अख्ख्या परगण्यात सापडलं नसतं.

फिन्टनने पढवल्याप्रमाणे नोरीनने विमा कंपनीतल्या मुलीला फोनवर उत्तरं दिली. मुख्य चालक कोण, या प्रश्नाला "मीच की" म्हणाली. हप्ता इतका कमी ऐकून फिन्टनला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. नोरीनने फोन ठेवला आणि ती पांढरीफटक पडली.

"फिन्टन, मी आत्ता एका परक्या मुलीशी खोटं बोलले."

"अगं, सगळेच बोलतात."

"शनिवारी मला पापं सांगायला जायचंय. फादरना काय सांगू?"

"हे सांगूच नकोस."

"म्हणजे दोन झाली." तिने हातातला कप पुसून जागेवर ठेवला. "बोललेलं काही परत घेता येत नाही. खरं करता येतं. आण ती किल्ली."

त्याला आधी ती गंमत वाटली. सोमवारी पहाटे नोरीन कोट चढवून, प्रार्थनेला जाताना घालते ती टोपी घालून गाडीत जाऊन बसली, तेव्हा त्याची गंमत संपली. मुख्य चालक म्हणजे मुख्यतः चालवणारा, असा तिचा सरळ हिशेब होता. म्हणजे कारखान्याला तीच सोडणार, आणायलाही तीच येणार.

आमच्या रस्त्यांवर समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करायची पद्धत आहे. एका बोटाचा सलाम नोरीनला उद्धट वाटायचा. ती अख्खा हात हलवायची, आणि नात्यातलं कोणी असलं तर दोन्ही. या भागात जो तो नात्यातला. चर्च आलं की ती क्रूसाची खूण करायची. पुढे ऐन वळणावर दफनभूमी लागते, तिथे नवऱ्यासाठी पुन्हा एकदा, डोळे मिटून.

"आई, स्टिअरिंग धर," फिन्टन घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तुझ्या वडिलांशी बोलतेय. मध्ये बोलू नकोस."

कारखान्यात पोहोचेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. ज्या माणसाने आयुष्यभर ब्रेकला हात, नव्हे पाय, लावायचा कंटाळा केला, तो आता शेजारच्या सीटवर बसून सगळा वेळ रिकामी जमीन दाबत होता.

तिला गाडी मागे घेता येत नव्हती. शिकायचीही इच्छा नव्हती, कारण आपण जिथून आलो तिथे पुन्हा कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. एकदा अरुंद गल्लीत दुधाचा टँकर नाकासमोर आला. नोरीनने इंजिन बंद केलं, थर्मासमधून चहा ओतला आणि जपमाळ काढली. फिन्टन मनात म्हणाला, आता हा खाली उतरून आपल्याला मारणार. टँकरवाला मुकाट्याने पार डोनलच्या फाटकापर्यंत मागे गेला. जाताना नोरीनने त्याला दोन्ही हात हलवले.

फिन्टनला रात्री स्वप्नंही तीच पडायची. भीती दुहेरी होती. तिने चालवलं तर दोघं जाणार, आणि तिने चालवणं सोडलं तर गुपित फुटून नोकरी जाणार. गुपित फुटायची वेळ एका पावसाळी सकाळी पुलाजवळ आलीच. गार्ड शीला मक्कार्थी गाड्या थांबवत होती. तिने काचेवरची विम्याची चिठ्ठी वाचली आणि मान वाकवून फिन्टनकडे पाहिलं. देवळीचा पंचनामा तिनेच केला होता.

"नोरीनकाकू, एक विचारू? विमा आईच्या नावावर आणि गाडी उडवतो मुलगा, असं हल्ली फार चाललंय. इथे तसं काही नाही ना?"

फिन्टनने नजर चुकवून समोरच्या वायपरकडे पाहिलं.

"रोज मीच चालवते," नोरीन म्हणाली.

"आज चालवताय ते दिसतंय. रोजचं विचारते."

शीलाने टॉर्च आत मारला. फिन्टन दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून बसला होता. चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळावर घाम, आणि पाय जमिनीत रुतलेला. हाताखालचं मुठीचं प्लास्टिक घासून घासून पांढरं पडलं होतं. शीलाने त्या मुठीवर टॉर्च रोखला.

"याला बरं नाही का?"

"मी चालवते तेव्हा तो असाच बसतो. सवय आहे त्याला."

शीलाने टॉर्च बंद केला. इतकी भीती एका सकाळीत अंगी येत नाही, हे तिला कळलं असावं. "सांभाळून जा, काकू," असं ती म्हणाली, पण बघत होती फिन्टनकडे.

तो वाचला. इतकं हायसं त्याला कधीच वाटलं नव्हतं. त्या वर्षात नोरीनने कुठेही काही ठोकलं नाही. तिला पाहून लोकच शेतात शिरायचे, ते विम्यात धरत नाहीत. शिवाय बिंगोला, केस करून घ्यायला, बहिणीकडे, सगळीकडे ती गाडी घेऊन जाऊ लागली. नवरा गेल्यापासून घरात मिटून बसलेली बाई दारातून गुणगुणत बाहेर पडायची. फिन्टनला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही थोडी भीती वाटली.

वर्ष संपायच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. मुलगी नोरीनचं कौतुक करत होती. एक छोटी सूचना होती, जादा चालकाचं नाव काढून टाकलं तर हप्ता निम्म्यावर येईल.

नोरीनने फोनवर हात ठेवला. "तुला चालवायला लागते का रे गाडी?"

फिन्टनने वर्षभर याच क्षणाची वाट पाहिली होती. आता नवं पान, आता मी जपून चालवीन, असं सगळं त्याने घोकून ठेवलं होतं. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. मग त्याला तो रस्ता दिसला, चर्च, वळण, समोरून येणारा टँकर, आणि त्याचा उजवा पाय आपोआप फरशी दाबू लागला. हात मागे आला.

"नको," तो म्हणाला.

"काढा नाव," नोरीन फोनवर म्हणाली. पलीकडून आणखी काही विचारलं गेलं. ती ऐकत राहिली आणि मुलाकडे मायेने पाहत उत्तर दिलं, "हो, घरात आणखी एक जण चालवायचा. पण हल्ली तो फार घाबरतो."