अरादचा समुद्र

सॅमसनकाका दगड चाटतात. फॅक्टरी सुटली की वसाहतीमागच्या टेकड्यांवर जायचं, दगड उचलायचा, जिभेनं ओला करायचा आणि त्यात शिंपला उमटला की ओरडायचं, "कालव! त्रेफ!" त्रेफ म्हणजे आम्हा यहुद्यांना खायला वर्ज्य.

काकांचं सगळं शास्त्र या वर्ज्य पदार्थांच्या यादीवर उभं आहे. लहानपणी रेवदंड्याला आईनं त्यांना खाडीतला शिंपला न् शिंपला ओळखायला शिकवला, का, तर चुकूनही तोंडात जाऊ नये! इथे अरादच्या वाळवंटात युगानुयुगांपूर्वीचे शिंपले दगड होऊन पडलेत, तिथे ती विद्या फळाला आली.

"काका, त्रेफ आहे तर चाटता कशाला?"

"दगड झाला, दोष गेला. पुढे बोलू नको."

घरात पलंगाखाली दगड, कपाटात दगड, आंघोळीच्या टबातही दगड. मिल्काकाकू गेल्या वर्षी हैफाला मुलीकडे गेल्या त्या परतल्याच नाहीत. "समुद्र नाही तिथे मी नांदायची नाही," असं सांगून गेल्या. पण बाई दगडांनाच विटली, असं आम्ही शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं. त्यात मी सगळ्यांच्या पुढे.

यंदा यरुशलेमहून एक प्राध्यापक आले. मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला, परातीएवढा शंख पाहून खुळावलेच. विद्यापीठाला द्याल का, बदल्यात काय हवं?

"लेटर पाहिजे," काका म्हणाले. "छापील कागदावर, शिक्का मारून. इथे समुद्र होता म्हणून."

काकांनी मुंबईच्या गोदीत कारकुनी केलेली. शिक्का नसेल तर त्यांना सूर्य उगवल्याचंही पटत नाही. प्राध्यापक हसले, "बेसेदेर", म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि शंख घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. काकांना हिब्रू जेमतेम, म्हणून वाचायला मला बोलावलं.

"मोठा समुद्र लिहिलाय ना?"

"नाही काका. उथळ म्हटलंय. उथळ आणि उबदार."

काका हिरमुसतील असं वाटलं. ते टेबलाशी बसून शिक्क्याखाली मराठीत काहीतरी लिहीत होते. शेजारी हैफाचा पत्ता घातलेलं पाकीट तयार होतं. मी वाकून वाचलं: 'मिल्का, शिक्का बघ. आता ये.'

इतके दिवस हा माणूस बायकोसाठी समुद्र शोधत होता आणि मी त्याची टिंगल करत फिरत होतो. मला माझीच लाज वाटली.

"उथळ ना?" पाकीट चिकटवत काका म्हणाले. "बरंच झालं. तिला पोहता येत नाही."