वास न घेण्याचं प्रशिक्षण

ताईंच्या नाकाबद्दल हॉस्पिटलात कुणी शंका घेतली, तर तो माणूस नवीन आहे हे ओळखावं.

तळमजल्यावर जंतूंची लॅब होती आणि ताई तिथल्या सगळ्यांत जुन्या टेक्निशियन. रुग्णांच्या नमुन्यातले जंतू तिथे झाकणाच्या प्लेटींवर वाढवत. कुठला जंतू वाढलाय हे मशीनने सांगायच्या आत ताई सांगून मोकळ्या व्हायच्या. झाकण उचलायचं, नाक खाली न्यायचं, की झालं काम. "मशीन बिघडेल, माझं नाक नाही बिघडायचं," असं त्या सर्दी झालेली असतानाही म्हणत.

आणि नेमका त्याच नाकावर घाला पडला. वास घेताना जंतू श्वासातून आत जातो आणि एखादा चांगलाच महागात पडतो, म्हणून प्लेटींचा वास घ्यायला सक्त मनाई झाली. सगळ्या कर्मचाऱ्यांना तसं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. मुख्य डॉक्टर ताईंना म्हणाले, "वर्ग तुम्हीच घ्या. बाहेरून परीक्षक बाई येणार आहेत. त्यांना पसंत पडलं, तर प्रशिक्षणप्रमुखाची जागा तुमची."

ही जागा ताईंना फार दिवसांपासून हवी होती. ज्या पोरांना त्यांनी पिपेट धरायला शिकवलं ती साहेब होऊन गेली आणि ताई आपल्या होत्या तिथेच. या वेळी त्यांनी कंबर कसली. घरी नवऱ्याला समोर बसवून, बशीवर बशी झाकून तालमी केल्या. त्याचा चहा बशीवाचून गार होत होता, पण बिचारा मान डोलवत राहिला.

वर्ग सुरेख रंगला. ताईंनी समजावलं, दटावलं, हसवलंसुद्धा. शेवटी परीक्षक बाईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक प्लेट काढली.

"अनोळखी प्लेट आलीय असं समजा. आता पहिल्यापासून करून दाखवा."

ताईंनी हातमोजे चढवले, कागद सोडवला. सगळं कसं पुस्तकात छापल्यासारखं. मग त्यांनी झाकण उचललं आणि डोळ्यांनी काही बघायच्या आत नाक आपलं खाली गेलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण पाठोपाठ तोंडही उघडलं. "द्राक्षांचा वास. म्हणजे स्युडोमोनास."

मुख्य डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"हे... असं करायचं नसतं," ताई म्हणाल्या. "ते दाखवलं."

"मुद्दाम?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"मुद्दाम."

"जंतूचं नावही मुद्दाम सांगितलंत?"

ताईंचा चेहरा पडला. "नाही हो. चुकून झालं. इतक्या वर्षांची सवय, नाक ऐकत नाही." जागा हातची गेली हे त्यांना कळून चुकलं. रडू आवरायला त्या हातमोज्यांकडे बघत बसल्या.

"असू दे," परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या. "असं झाल्यावर काय करायचं असतं, तेही सगळ्यांना दाखवू या."

मग प्रकरण वाढलं. ताईंना वेगळ्या खोलीत बसवलं, ताप मोजला, रक्त घेतलं. रक्त घेणारी पोरगी त्यांच्याच हाताखालची. ताई तिला बसल्या जागेवरून तिच्या चुका सांगत होत्या. घरी कळवायचाही नियम होता. हे नुसतं प्रात्यक्षिक चाललंय, हे ऑफिसातल्या कारकुनाला कुणी सांगितलंच नाही. त्याने फोन केला, "ताईंना निगराणीखाली ठेवलंय. कपडे घेऊन या."

नवरा घरातल्या चपलांवर धावत आला. पिशवीत टॉवेल, ब्रश आणि घाईत कोंबलेला स्वतःचाच पायजमा.

"काय झालं हिला?"

"त्यांनी वास घेतला," डॉक्टर म्हणाले.

"कशाचा?"

"कशाचाच नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. "प्लेट कोरी आहे. तिच्याकडे एकदा बघितलं असतं तरी दिसलं असतं. द्राक्षांचा वास माझ्या हाताच्या क्रीमचा, कागदाला लागला असेल."

"मग हिला झालंय तरी काय?" नवऱ्याने विचारलं.

ताईंना ताप नव्हता, पण हे ऐकून आला असता. सारी नोकरी ज्या नाकाच्या जिवावर केली, ते एका क्रीमला फसलं होतं. त्या उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला घरी."

"थांबा. जागा तुमचीच आहे," परीक्षक बाई म्हणाल्या. "व्याख्यानं ऐकताना लोक पेंगतात. आजचं मात्र इथलं कुणी विसरणार नाही. दर वर्गात हेच करून दाखवायचं. कोरी प्लेट घेऊन, अगदी असंच."

ताई प्रशिक्षणप्रमुख झाल्या. नवऱ्याने ताईंच्या जावेला, नणंदेला फोन करून बढती कळवली. कशाबद्दल मिळाली, ते तेवढं मोघम ठेवलं.

पहिल्या वर्गाला परीक्षक बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. ताईंनी झाकण उचललं. आता नाक खाली न्यायचं एवढंच काम होतं. पण मान काही केल्या वाकेना. घाम फुटला, तरी वाकेना. शेवटी ताईंनी प्लेट डोळ्यांनी नीट पाहिली, झाकण लावलं आणि पुढचं सगळं नियमाप्रमाणे पार पाडलं.

परीक्षक बाईंनी शेरा लिहिला, "प्रमुखांना चूक करता येत नाही. प्रशिक्षणाची गरज आहे."